धाकटीच्या नावावरची वर्षं

ताईच्या गुडघ्यांनी हात टेकले त्याच वर्षी धाकटीला पन्नास पूर्ण होणार होती, आणि त्या पन्नाशीची वाट धाकटीपेक्षा ताईच जास्त बघत होती.

त्याला कारण होतं. सोळा वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर ताई गाव सोडून शहरात आली. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा एक मोठा कारखाना होता, तिथं बायका घेत होते. पण पस्तिशीच्या आतल्याच. ताई तेव्हा एकोणचाळीसची होती. धाकटी गावातच होती आणि चौतीसची होती. ताई एका दिवसासाठी परत आली आणि म्हणाली, "तुझं कार्ड दे. तोंडं आपली सारखीच आहेत, आणि फोटोत कोण बघतंय?" धाकटीनं दिलं. द्यायला तिचं काही जात नव्हतं.

तेव्हापासून कारखान्याच्या वहीत ताई धाकटीच्या नावानं होती. मुकादम धाकटीच्या नावानं तिच्यावर ओरडायचा आणि बरोबरच्या बायका त्याच नावानं तिला चहाला बोलवायच्या. पगारातून दर महिन्याला कामगार निधीत पैसे कापले जायचे, तेही त्याच नावावर. निधीचा नियम सोपा होता. वय पन्नास आणि भरणा पंधरा वर्षांचा, एवढं जमलं की जन्मभर पेन्शन. इथं वय धाकटीचं होतं आणि भरणा ताईचा.

"तू लवकर म्हातारी हो गं चिमणे," ताई म्हणायची. घरात धाकटीला सगळे चिमणीच म्हणत. "तुझे केस पिकले की मी सुटले."

आठ वर्षांपूर्वी धाकटीही नवऱ्याबरोबर शहरात आली. नवरा गवंडी होता. तिचं नाव तर कारखान्यात आधीच कामाला लागलेलं, त्यामुळे तिला स्वतःला कुठं नोंदवून घेता येईना. तिनं इमारतींचे जिने पुसायचं काम धरलं. तिथं कुणी नाव विचारत नव्हतं. चार इमारती, सोळा जिने, रोज. ताईची खोली तीन गल्ल्या सोडून होती.

पन्नास पूर्ण झाली त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ताई आली. जिना चढताना तिनं एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवले, हे धाकटीला आवाजावरूनच कळलं. ताई आत आली, खिडकीजवळच्या खाटेवर बसली आणि पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली.

"झाली ना पन्नास?"

"झाली."

"मग उद्या जाऊ कचेरीत. मी सुट्टी टाकते. अंगठा तुझाच लागणार."

"उद्या नको ताई. उद्या मागच्या इमारतीचं पाणी सुटणार आहे, जिने धुवायचेत."

"मग परवा."

"परवा ह्यांना डॉक्टरकडे न्यायचंय."

कोपऱ्यात बसलेल्या नवऱ्यानं मान वर केली. त्याला कुठल्याच डॉक्टरकडे जायचं नव्हतं. पण बायका आपापसात बोलत असताना मध्ये पडायचं नाही, एवढं तो संसारात शिकला होता.

"बरं," ताई म्हणाली. "सोळा वर्षं थांबले, चार दिवसांनी काय होतंय?"

चार दिवसांचे पंधरा झाले. एकदा धाकटीचं डोकं दुखलं. एकदा कचेरीतलं यंत्र बंद असल्याचं तिला कुणीतरी सांगितलं. एकदा कार्डच सापडेना. कार्ड पिठाच्या डब्याखाली होतं आणि ते तिथं तिनंच ठेवलं होतं. ताईनं एकदाही आवाज चढवला नाही. ती फक्त म्हणाली, "शोध नीट. घाई नाही." धाकटीला वाटलं, हिला कळलंय. चोराच्या मनात चांदणं. ताईला काहीच कळलेलं नव्हतं.

जे कळायचं होतं ते तीन वर्षांपूर्वीचं होतं.

तीन वर्षांपूर्वी कारखान्यानं ठेकेदार बदलला. कामगार तेच, यंत्रं तीच, पण निधीतलं जुनं खातं बंद होऊन नवं उघडणार होतं. जुन्या खात्यातली तेरा वर्षं नव्याला जोडून घ्यायची तर एक अर्ज द्यावा लागणार होता, आणि अर्जावर ज्याचं नाव त्याचा अंगठा. ताईनं अर्ज भरून घेतला आणि धाकटीच्या हातात दिला. "एवढा कचेरीत देऊन ये. माझी पाळी चुकवता येत नाही."

धाकटी जाणार त्याच्या आदल्या दिवशी तिचा नवरा दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ज्याच्याकडे तो कामाला होता त्या ठेकेदारानं कानावर हात ठेवले. हा माणूस माझ्या हजेरीतच नाही, म्हणाला. आणि ते खरंच होतं, नव्हताच. शहरात इतकी घरं बांधली नवऱ्यानं, पण कुठल्याच कागदावर तो कामाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया तीन दिवसांत झाली तर पाय वाचेल, आणि आधी पैसे भरा.

धाकटी सगळीकडे फिरून आली. मग पिशवीत ताईचा अर्ज होता म्हणून कचेरीत गेली. तिनं नंतर स्वतःला हजारदा बजावलं की ती अर्ज द्यायलाच गेली होती, आणि ते खोटंही नव्हतं. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज घेतला आणि वर न बघता विचारलं, "जोडायचं की काढायचं?"

"काढायचं म्हणजे?"

"नोकरी सुटली असेल तर सगळे पैसे काढून घेता येतात. पण मग वर्षं जातात. पुढं कधी लागलात कामाला तर पहिल्यापासून मोजणी."

वर्षं जातात. हे शब्द तिनं ऐकले होते. पुढं कितीतरी दिवस तिनं मनाशी असं धरून पाहिलं, की आपल्याला नीट ऐकू आलं नव्हतं, मागं रांगेत गलका होता. पण त्या दिवशी रांगेत गलका नव्हता. मागं एक म्हातारे गृहस्थ होते आणि ते गप्प उभे होते.

"नोकरी सुटली?" कारकुनानं विचारलं.

"हो," ती म्हणाली.

नाव तिचं होतं, अंगठा तिचा होता, बँकेतलं खातंही तिचं होतं. कुणाला कसली शंका यायचं कारणच नव्हतं. दोन दिवसांत पैसे आले.

त्या दिवसांत ताई रोज पाळी संपली की डबा घेऊन इस्पितळात यायची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिनं बाकावर बसता बसता विचारलं, "अर्ज दिलास का गं?"

"दिला."

"बरं झालं. तू इतक्या गडबडीत लक्षात ठेवलंस." आणि तिनं डब्याचं झाकण उघडून तिच्यापुढं धरलं. "खा आता. सकाळपासून काही नसेल पोटात."

धाकटी ते जेवण जेवली. पुढं तिला सगळ्यात जास्त आठवायचं ते हेच, की घास अडकला नाही. भूक लागली होती आणि ती पोटभर जेवली.

नवऱ्याचा पाय वाचला. थोडा आखडला, पण वाचला. त्याला तिनं सांगितलं, माहेरच्या एका नातेवाइकानं मदत केली. थोडे पैसे उरले होते. ते परत ठेवायचे तर ताईला सांगावं लागलं असतं, म्हणून ते घरातच राहिले, आणि घरात राहिलेले पैसे खर्च होतातच. अंधाऱ्या खोलीतून ते या खोलीत आले. या खोलीला खिडकी होती. ताई पहिल्यांदा आली तेव्हा बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. "हवा छान येते," ती म्हणाली. "भावजींच्या पायाला ऊन मिळेल. झालं ना चांगलं?" ताईच्या स्वतःच्या खोलीला खिडकी नव्हती, दाराच्या वर एक झरोका होता.

पंधरा दिवसांची टोलवाटोलवी झाली आणि मग ताई कारखान्यात पडली. ओल्या चादरींची गाडी ढकलताना गुडघा वाकला आणि ती गाडीसकट कलंडली. लागलं फारसं नाही. पण नव्या ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "मावशी, हे असं असेल तर महिनाअखेरीला बघा काहीतरी." ताईनं हे धाकटीला हसत हसत सांगितलं. "मी म्हटलं त्याला, बघितलंय बाबा, माझी पेन्शन तयार आहे. बहिणीचं कार्ड तेवढं सापडू दे."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं दोन जिने अर्धेच पुसले आणि कामगारांच्या मदत केंद्रात गेली. ते सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एका खोलीत होतं. तिथं बसणाऱ्या बाईंनी स्वतः वीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधले होते. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं कोरडं.

"माझी एक शेजारीण आहे," धाकटीनं सुरुवात केली.

"हं," बाई म्हणाल्या.

तिनं शेजारणीची सगळी गोष्ट सांगितली. कार्ड, चादरी, परांची, खिडकीतला कारकून. शेवटाकडे तिचा आवाज फाटला.

"शेजारणीला सांगा, रडू नको, कागद भिजतील," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद बाजूला ओढून घेतले. "आता नीट ऐका. दोन वाटा आहेत. एक म्हणजे गप्प बसायचं. तुमच्या बहिणीला सांगायचं, कचेरीनं घोळ घातला, वर्षं हरवली. कचेऱ्या घोळ घालतातच, तिला खरं वाटेल. मग ती आणखी बारा वर्षं काम करील, आणि तुम्ही बघत राहाल."

धाकटीनं मान खाली घातली. बाईंना कसं कळलं कोण जाणे, पण ही वाट तिनं मनात कितीदा चालून पाहिली होती.

"दुसरी वाट लांबची आहे. काम तुमच्या बहिणीनं केलं, हे सिद्ध करायचं. साक्षीदार आणायचे, कागद आणायचे. मग ज्या बाईनं काम केलंच नाही तिला पैसे काढायचा हक्क नव्हता, म्हणून ते काढणं रद्द होऊ शकतं आणि वर्षं बहिणीच्या खऱ्या नावावर लागू शकतात. शकतात म्हणतेय मी. पैसे तुम्हाला परत भरावे लागतील. खोट्या नावाबद्दल दोघींना दंड होईल. आणि तुम्ही साहेबांसमोर तोंडानं सांगायचं, की हे मी जाणूनबुजून केलं."

"आणि ताईला?"

"ताईला आधी सांगायचं. आजच. हे माझं काम नाही, तुमचं आहे."

धाकटी तशीच कारखान्यात गेली. जेवणाची सुट्टी होती. मागच्या अंगणात कापडी गाड्या रांगेनं लावलेल्या, आतून वाफेचा आणि साबणाचा वास येत होता. ताई एका पालथ्या खोक्यावर पाय लांब करून बसली होती. बाह्या वर सारल्या होत्या आणि डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचा गुळगुळीत पट्टा दिसत होता. इस्त्रीच्या तापलेल्या रुळाखाली चादर सरकवताना तो झाला होता, पहिल्या काही वर्षांत.

"सापडलं का कार्ड?" ताईनं विचारलं.

"कार्ड हरवलंच नव्हतं," धाकटी म्हणाली. आणि मग तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. काही गाळलं नाही. खोलीचंही सांगितलं. सांगून झाल्यावर तिला वाटलं, आता ताई ओरडेल, मारेलसुद्धा. लहानपणी ताईचा हात चांगला जड होता.

ताई ओरडली नाही. तिनं बाह्या खाली केल्या. गुंडी लावायचा प्रयत्न केला, ती लागेना, सोडून दिली.

"मला का नाही विचारलंस?" ती म्हणाली. "मी रोज तिथं येत होते. बाकावर तुझ्या शेजारी बसत होते."

"तू हो म्हणाली असतीस म्हणून."

"म्हणजे?"

"तू लगेच हो म्हणाली असतीस. मग मला जन्मभर तुझ्यापुढं मान वर करता आली नसती. असं वाटलं तेव्हा. नाव तर माझंच आहे, असंही वाटलं. सगळंच वाटलं."

"मी हो म्हटलंच असतं," ताई म्हणाली. "भावजींचा पाय होता तो. पण अर्धे काढले असते, कुठून उसने आणले असते, वर्षं तुटू दिली नसती. काहीतरी केलं असतं दोघींनी मिळून. आणि दिले असते ते मी दिले असते. तू मला द्यायलासुद्धा ठेवलं नाहीस."

आत भोंगा झाला. ताई खोक्याला धरून उठायला लागली. धाकटीनं हात पुढं केला. ताईनं तो घेतला नाही. खोक्याला धरून, मग गाडीला धरून ती उभी राहिली आणि आत गेली.

नवऱ्याला धाकटीनं त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि आपला आखडलेला पाय हातानं उचलून खाटेवरून खाली ठेवला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "नातेवाईक, नातेवाईक म्हणत होतीस," तो म्हणाला. "मी तीन वर्षं त्या माणसाला दुवा देत होतो." मग म्हणाला, "ही खोली सोडू. आणि मला पहारेकऱ्याचं काम बघ. बसून तर राहता येईल."

पाचव्या दिवशी ताईनं बरोबरच्या बाईकडून निरोप धाडला, की मदत केंद्रात किती वाजता यायचं ते कळव.

पुढचे पाच महिने कागदांत गेले. नव्या मुकादमाकडून महिन्या-महिन्याची मुदत मागून ताई कामावर टिकून होती. जुन्या मुकादमाला शोधून काढलं, तर त्यानं मिठाची गुळणी धरली. खोट्या नावानं बाई घेतली हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि आता आपल्याच अंगाशी येईल म्हणून त्यानं ताईला ओळखायलाच नकार दिला. "चादरी धुणाऱ्या शंभर बायका आल्या नि गेल्या," तो म्हणाला. त्याच्यासाठी ताईनं अकरा वर्षं जादा पाळ्या केल्या होत्या. इस्पितळातून मात्र हात भाजला तेव्हाची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीवर नाव धाकटीचं होतं, जखम डाव्या हाताची, मनगट ते कोपर. धाकटीच्या डाव्या हातावर एक डागही नव्हता. आणि कारखान्यातल्या तीन बायका साक्षीला यायला तयार झाल्या. त्यातली एक म्हणाली, "आमचा अर्धा दिवस जाईल. पण मावशीचं झालं तर उद्या आमचं होईल." तिचंही नाव तिचं नव्हतं, हे तिनं नंतर जिन्यात सांगितलं.

सगळ्या कामासाठी दोघी बहिणी बरोबर जात, बरोबर रांगेत उभ्या राहत. ताई कामापुरतं बोलत असे. "फोटो आणलेस?" "आणले." "पेन दे." धाकटीला या कामापुरत्या बोलण्याचाही आधार वाटायचा आणि त्याची लाजही वाटायची. ताई गुडघा चोळायला लागली की तिला नजर कुठं वळवावी कळत नसे. तो गुडघा आता सुटायला हवा होता. आता या वेळी तो कुठंतरी उन्हात लांब करून ठेवलेला असायला हवा होता.

सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या बाहेर बाकांवर गर्दी होती. शिपायानं दार उघडून कार्डावरचं नाव पुकारलं. ताई ताडकन उठली, गुडघ्यांची पर्वा न करता. "आले," म्हणाली. धाकटी बसूनच होती. सोळा वर्षांत ते नाव कुणी तिला उद्देशून घेतलंच नव्हतं. घरी ती चिमणी होती, इमारतींत जिनेवाली होती, नवऱ्यासाठी 'अगं' होती. मदत केंद्रातल्या बाईंनी कोपरानं ढोसलं तेव्हा ती गडबडून उभी राहिली. आत टेबलामागं बसलेल्या साहेबांनी हे उघड्या दारातून पाहिलं होतं.

"हे नाव कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," धाकटी म्हणाली.

"मग उठली ती कोण?"

"काम करणारी, साहेब."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. मग साक्षी झाल्या. चिठ्ठी पाहिली, दोघींचे डावे हात पाहिले. ताईला विचारलं, रुळाची कळ कुठल्या बाजूला असते, इस्पितळाच्या चादरी किती किती बांधतात, रक्ताचे डाग कशानं जातात. ताईनं सांगितलं ते त्यांना थांबवावं लागलं, इतकं सविस्तर होतं. मग ते धाकटीकडे वळले.

"पैसे काढलेत तेव्हा हे पैसे आपले नाहीत, हे माहीत होतं?"

"होतं."

"वर्षं जातील, हे कारकुनानं सांगितलं होतं?"

इथं तिला सुटायला जागा होती. तो कारकून बदली होऊन गेला होता. नाही म्हटलं असतं तर कुणी खोडून काढलं नसतं, दंडही कमी झाला असता. शेजारी ताई समोर बघत बसली होती.

"सांगितलं होतं. मी ऐकलं होतं."

साहेबांनी ते लिहून घेतलं. तिनं अंगठा उमटवला. शाई पुसायला शिपायानं चिंधी दिली, ती एका जुन्या चादरीची होती. ताईनं ती सवयीनं बोटांत धरून पाहिली आणि ठेवून दिली.

निकाल दीड महिन्यानं आला. बाईंनी तो वाचून दाखवला. तेरातली नऊ वर्षं मान्य झाली होती आणि ताईच्या खऱ्या नावावर चढली होती. पहिली चार गेली. पहिल्या चार वर्षांत जुन्या ठेकेदारानं पगारातून कापलेले पैसे निधीत भरलेच नव्हते. ते ना धाकटीनं काढले होते, ना कचेरीत होते. ठेकेदाराच्या मागं लागता येईल, बाई म्हणाल्या, पण त्याला वेळ लागेल आणि त्याचा पत्ता आधी सापडायला हवा. शेवटची तीन वर्षंही खऱ्या नावावर आली. नऊ आणि तीन बारा. काढलेले पैसे धाकटीनं हप्त्यांनी भरायचे, दंड वेगळा. ताईला समज दिली होती.

"म्हणजे अजून तीन वर्षं," ताई म्हणाली.

"तीन," बाई म्हणाल्या. "पण आता तुमच्या नावानं. बसून करायचं काम मागा. तसा अर्ज मी लिहून देते."

खाली उतरल्यावर धाकटी म्हणाली, "ती चार वर्षं माझ्यामुळं गेली नाहीत." आणि म्हणता म्हणताच तिला स्वतःची घृणा आली. पहिली गोष्ट तोंडातून निघाली ती ही.

"नाही," ताई म्हणाली. "ती तुझ्यामुळं नाही." ती चालत राहिली. "पण हे सहा-सात महिने मी उभ्यानं काम केलं, ते तुझ्यामुळं. आणि मला कळायला तीन वर्षं लागली, ते तुझ्यामुळं. तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर तो चोर तरी इथंच होता."

ठेकेदार तीन वर्षांपूर्वी खरोखरच इथं होता, दोन चौक पलीकडे त्याची कचेरी होती. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता आलं आणि कायमचं बसलं.

ताईला फाटलेल्या चादरींना ठिगळ लावायचं काम मिळालं, बसून करायचं. कारखान्यात नवं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. बायका जुन्याच नावानं हाक मारायच्या, मग जीभ चावायच्या. ताई म्हणायची, "मावशी म्हणा, सोपं पडेल."

धाकटीनं आणखी दोन इमारती धरल्या. नवरा एका गोदामावर पहाऱ्याला बसू लागला. खोली सोडली आणि ताईच्याच गल्लीत, तळमजल्यावर, बिनखिडकीची घेतली. ताईच्या खोलीत नळ नव्हता, पाणी खालून आणावं लागे. पहिल्याच सकाळी धाकटी दोन बादल्या भरून वर गेली. ताईनं दार उघडलं आणि बादल्यांकडे बघितलं.

"मी भरते माझं."

"जिना वाईट आहे ताई."

"जिन्यांचं तुला कळतं," ताई म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

मग ते रोजचं झालं. धाकटी पाणी भरून ठेवी, ताईला जिना उतरवून कोपऱ्यापर्यंत सोडी आणि आपल्या इमारतींकडे जाई. बोलणं हळूहळू वाढलं. शेजारचं भांडण, सुईचं नाक, गावाकडे दिलेल्या ताईच्या मुलीचा फोन, भावजींचा पाय थंडीत कसा आहे. कधी ताई हसेसुद्धा. पण हसता हसता मध्येच गप्प होई, आणि धाकटीला कळे की तिला आठवलं.

एकदा असंच झालं. धाकटी बादली ठेवून दारात घुटमळत उभी राहिली. ताई सुईत दोरा ओवत होती. ठिगळाचं थोडं काम ती घरीही आणायची.

"चिमणे," ती दोऱ्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुझं तोंड मला रोज एकच विचारतंय. राग गेला का, राग गेला का. विचारू नकोस. मला ठाऊक नाही. काही दिवशी सकाळी उठते तेव्हा नसतो. जिन्याला हात लावला की येतो."

"बरं."

"तू येत जा. पण माझ्या तोंडाकडे बघून येऊ नकोस. पाण्यासाठी ये."

"बरं ताई."

ताईनं दोरा ओवला आणि गाठ मारली. धाकटीनं रिकामी बादली उचलली आणि दुसरी खेप आणायला खाली गेली. नळावर पुढं दोन जण होते. ती रांगेत उभी राहिली.